महर्षी कर्वे : उशिरा आलेला मान

थोर व्यक्तींच्या लोकसेवेचा गौरव विद्यापीठे सन्माननीय पदवी देऊन करतात. अशा चार पदव्या लाभलेले महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी मनन करण्याजोगे आहे.

कोकणात १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेले कर्वे मुरूडला वाढले. परीक्षेसाठी ते डोंगरवाटेने पायी साताऱ्याला गेले. पण वयाच्या मानाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही. ते खचले नाहीत. १८८४ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी बहिष्कार घातला. तरीही १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. त्या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर अण्णा वर्गणीसाठी देशोदेशी फिरले.

मग मान आला. बनारसने १९४२, पुण्याने १९५१ आणि मुंबईने १९५७ साली त्यांना पदवी दिली, तसेच त्यांच्याच महिला विद्यापीठानेही दिली. १९५८ साली ते भारतरत्न झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

आपल्या डहाणू तालुक्यात, कोसबाडला आदिवासी बालकांना शिकविणाऱ्या अनुताई वाघ याही बालविधवाच होत्या. एक स्त्री शिकली की किती पाड्यांत उजेड पडतो, हे आपण पाहिले आहे. पालकहो, मान उशिरा आला तरी चालेल. मुलीचे नाव शाळेत घालण्यास मात्र उशीर नको.