एका मताचा माणूस

१८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतार्थ नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. मोठ्या दुष्काळाच्या जखमा अद्याप ओल्या होत्या. तरीही ३२ सभासदांपैकी एकानेच विरोधात मत दिले. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला द्यावेत, असा त्याचा आग्रह होता. हे सभासद म्हणजे जोतीराव फुले.

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापिला. कंत्राटदारीमुळे पैसा कोठून येतो आणि कोठे मुरतो, हे त्यांना ठाऊक होते. १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्यांनी नेमके हेच मांडले: सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांना. पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी या लुटीचा सविस्तर हिशेब मांडला.

दानधर्माला त्यांचा विरोध नव्हता. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीच्या छावणीतील उपाशी मुलांसाठी त्यांनी स्वतः मदतीची हाक दिली होती. पुण्याच्या आशेने केलेल्या आणि गरजूपर्यंत न पोहोचणाऱ्या दानाची मात्र त्यांना चीड होती. हीच कसोटी त्यांनी राजकारणालाही लावली. ज्या सभेत शेतकरी नाही, ती सार्वजनिक कशी, हा त्यांचा सवाल होता. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि जडजवाहिरांनी नटलेले पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. १८८९ च्या मुंबई काँग्रेसच्या मंडपाबाहेर त्यांनी शेतकऱ्याचा गवती पुतळा उभारल्याचे चरित्रकार सांगतात.

पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर अखेरचा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, तेव्हा घरात संपत्ती उरली नव्हती. शाळांवर खर्च करायचे सोडून मंडईची आलिशान इमारत कशाला, असाही त्यांचा आक्षेप होता. आज त्याच इमारतीवर महात्मा फुले यांचे नाव आहे. त्यांचे नाव देणे सोपे होते. त्यांच्यासारखे मत देणे आजही कठीण आहे.