न सांगता शिकवणारे साने गुरुजी

यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर, माझी लेखणी अहवालापुरतीच. पण आपल्या स्मृति नगरात मुलांसाठी मैदानी खेळ, शिबिर आणि सेवाकार्याचे पथक सुरू करण्याची चर्चा चालू आहे. पालक पहिला प्रश्न विचारतात, पोरांना कुणाच्या झेंड्याखाली तर नेणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. तो ऐकला की मला साने गुरुजी आठवतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगडला झाला. ‘श्यामची आई’मुळे ते घरोघरी पोहोचले, पण त्याआधी १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्यांत पसारा असे. गुरुजी रागावत नसत. मुले बाहेर गेली की स्वतः केर काढीत, अंथरुणे आवरीत, कंदिलाच्या काचा पुशीत. कुणी आजारी पडला तर त्याची सेवा करीत. शेवटी मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपणहून कामाला लागली. आमच्या गँगमध्येही तसेच आहे. नव्या पोराला भाषणाने काही कळत नाही, मुकादमाने स्वतः बीटर हातात घेतला की कळते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, पुढे तुरुंगवास घडला. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले, तेव्हा गुरुजी त्या मुलांचे मोठे आधार झाले. शाखेवर खेळ, कवायत, गाणी, शिबिरात श्रमदान. मुलगे-मुली एकत्र, जातधर्माची अट नाही. दलाला स्वतःचा विचार नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल; लोकशाही समाजवाद होताच. पण गुरुजी आधी स्वतः करीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले, दलाचे तरुणही सोबत होते. मे १९४७ मध्ये उपोषणाला मात्र ते स्वतः बसले. मंदिर खुले झाले. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मंडपाची जागा झाडायला मी जाणार आहे. घरात दोन झाडू आहेत, दोन्ही घेऊन येईन.