मोरो केशव दामले : चरित्र आणि व्याकरणदृष्टी

अर्वाचीन मराठी व्याकरणाची परंपरा दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून सुरू होते आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात ती आपल्या पूर्ण विस्ताराला पोहोचते. या ग्रंथाचा उल्लेख संदर्भासाठी वारंवार होतो. परंतु ग्रंथकर्त्याचे चरित्र आणि त्याची व्याकरणदृष्टी यांचा परस्परसंबंध सहसा विचारात घेतला जात नाही.

दामले यांचा जन्म १८६८ साली रत्नागिरी जिल्ह्यातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. कवी केशवसुत हे त्यांचे वडील बंधू, तर पत्रकार व कादंबरीकार सीताराम केशव दामले हे धाकटे. केशवसुतांनी मराठी कवितेला नवे वळण दिले. मोरोपंतांनी त्याच भाषेच्या घडणीचा तर्कशुद्ध शोध घेण्यात आयुष्य वेचले. १९०५ साली केशवसुतांचे अकाली निधन झाले. उज्जैनच्या माधव महाविद्यालयात मोरोपंतांनी अनेक वर्षे अध्यापन केले. तत्त्वज्ञान आणि न्यायशास्त्र हे त्यांच्या व्यासंगाचे विषय होते, आणि न्यायशास्त्रावर त्यांनी मराठीत लेखनही केले. पुढे ते नागपुरास आले व सिटी स्कूलमध्ये शिक्षक झाले. महाविद्यालयातून शाळेत येणे हे लौकिकदृष्ट्या पाऊल मागे पडणे होते. त्यांचा व्यासंग मात्र खंडित झाला नाही.

व्याख्या मांडावी, पूर्वसूरींची मते तपासावी, त्यांतील अव्याप्ती व अतिव्याप्ती दाखवावी आणि मगच निर्णय द्यावा, ही दामले यांची पद्धती न्यायशास्त्राच्या अभ्यासकाची आहे. व्याकरण म्हणजे पाठ करावयाच्या नियमांची यादी नसून भाषेतील व्यवहाराची कारणमीमांसा होय, ही भूमिका त्या पद्धतीतच अनुस्यूत आहे. वाक्याच्या पृथक्करणाचा स्वतंत्र विचार गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये ‘वाक्यमीमांसा’ या ग्रंथात केला होताच. इंग्रजी आणि संस्कृत अशा दोन व्याकरणपरंपरांच्या मध्ये उभे राहून मराठीचे स्वतःचे रूप ओळखणे, हा दामले यांच्या पिढीपुढील खरा प्रश्न होता.

विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या वाक्यातील स्थानाचा मुद्दा घेतला तर हा प्रश्न स्पष्ट होतो. विशेषणाचा विशेष्याशी असलेला संबंध इंग्रजीत मुख्यतः स्थानावरून कळतो. संस्कृतात तो लिंग, वचन व विभक्ती यांच्या जुळणीवरून कळतो. मराठीत दोन्ही साधने वापरात आहेत. ‘जुन्या ग्रंथाची प्रत’ येथे सामान्यरूपामुळे जुनेपण ग्रंथाकडे जाते. ‘ग्रंथाची जुनी प्रत’ येथे ते प्रतीकडे जाते. ‘जुनी ग्रंथाची प्रत’ ही रचना अवघडलेली असली तरी संदिग्ध नाही, कारण ‘जुनी’ हे स्त्रीलिंगी रूप आपले विशेष्य स्वतःच दाखविते. परंतु ‘जुना’च्या जागी ‘दुर्मिळ’ हे अविकारी विशेषण येताच हा आधार नाहीसा होतो. ‘दुर्मिळ ग्रंथाची प्रत’ आणि ‘ग्रंथाची दुर्मिळ प्रत’ यांतील भेद केवळ स्थानावर अवलंबून राहतो.

अव्ययांच्या बाबतीत स्थानाचे महत्त्व आणखी वाढते. फक्त परीक्षकाने पहिला प्रश्न तपासला, परीक्षकाने फक्त पहिला प्रश्न तपासला, परीक्षकाने पहिला प्रश्न फक्त तपासला, ही तीन भिन्न विधाने आहेत. ‘फक्त’ हा शब्द आपल्या पुढील पदाला मर्यादा घालतो. ‘च’ मात्र आपल्या मागील पदाला चिकटतो. ‘प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला वाचताना पाहिले’ या वाक्यात वाचणारा कोण हे निश्चित होत नाही; ‘वाचत असलेल्या विद्यार्थ्याला’ असे म्हणताच सामान्यरूप संदेह दूर करते. यावरून एक सूत्र निघते : जेथे रूप बोलत नाही, तेथे स्थानाने बोलावे लागते.

१९१३ साली, वयाची पंचेचाळीशी गाठण्यापूर्वीच, दामले यांचे निधन झाले. ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्यावरील आक्षेपांना उत्तर देण्यास वा सुधारित आवृत्ती सिद्ध करण्यास त्यांना पुरेसा अवधी मिळाला नाही. अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये पारंपरिक व्याकरणाच्या चौकटीचा पुनर्विचार मांडला, आणि १९७० मध्ये कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी दामले यांचा ग्रंथ संपादून पुन्हा अभ्यासकांच्या हाती दिला. मतभेद असणाऱ्यांनाही या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता आले नाही.

शालेय व्याकरणात मात्र या परंपरेचे निष्कर्ष उरले, चिकित्सा गळून पडली. नागपुरात धंतोलीपासून सीताबर्डीपर्यंतच्या अभ्यासिकांत आणि शिकवणी-वर्गांत स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी चार पर्यायांतून शुद्ध वाक्य निवडतो. त्याचे उत्तर बरोबर येते. पण चुकीच्या वाक्यात विशेषण नेमके कोणाकडे गेले आणि का गेले, हे त्याला सांगावे लागत नाही. ज्या नगरात दामले यांनी शाळेतील मुलांना शिकविले, तेथील अध्यापकांनी पर्यायापुढे खूण करवून घेतल्यानंतर कारण विचारण्याची शिस्त पुन्हा आणली, तर त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘शास्त्रीय’ हे विशेषण आपल्या योग्य स्थानी आहे, असे म्हणता येईल.