विश्लेषण : बढती नाकारलेला अधिकारी पाणबुड्यांचा कर्दनकाळ कसा ठरला? कोण होते कॅप्टन जॉनी वॉकर?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे पोट अटलांटिक महासागरावर अवलंबून होते. गहू, मांस, तेल, लाकूड, पोलाद, पुढे रणगाडे आणि सैनिकही याच वाटेने येत. ही वाट तोडली की ब्रिटन शरण येईल, असा जर्मन पाणबुडी दलाचे प्रमुख कार्ल डोनिट्झ यांचा हिशेब होता आणि तो फारसा चुकीचा नव्हता. या पाणबुड्यांच्या शिकारीत ज्यांच्या नावावर सर्वाधिक यश जमा आहे, ते कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकर युद्ध सुरू झाले तेव्हा मुदतीआधीच्या निवृत्तीच्या वाटेवर होते. युद्ध भडकले नसते तर त्यांचे नाव आज कुणाला ठाऊकही नसते.

नौदलाने त्यांना मागे का ठेवले?

वॉकर यांचा जन्म ३ जून १८९६ रोजी प्लिमथचा. वडील नौदलातच होते. १९०९ मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षी ते नौदलाच्या शाळेत दाखल झाले. ऑस्बर्न आणि डार्टमथ येथे शिक्षण झाले आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी विनाशिकांवर काम केले. इथवर सारे रीतसर होते. युद्धानंतर त्यांनी जो विषय निवडला, तिथे वाट वेगळी झाली. पोर्टलंड येथील ‘ऑस्प्रे’ या तळावर पाणबुडीविरोधी युद्धाचे शिक्षण नुकतेच सुरू झाले होते आणि वॉकर यांनी तेच आपले क्षेत्र ठरवले.

त्या काळी नाव कमावायचे तर तोफखान्यात जावे, असा नौदलात प्रघात होता. मोठ्या युद्धनौका, मोठ्या तोफा, त्यावरचे अधिकारी हीच खरी प्रतिष्ठा. पाणबुडी शोधणे हे कानाला यंत्र लावून बसणाऱ्यांचे कंटाळवाणे काम समजले जाई. शिवाय ध्वनिलहरींच्या साह्याने पाण्याखालची पाणबुडी शोधणारे ‘अ‍ॅस्डिक’ हे यंत्र हाती आल्याने पाणबुडीचा धोका आता मिटला, असाही एक गोड गैरसमज होता. वॉकर १९३३ मध्ये कमांडर झाले, ‘फाल्मथ’ या नौकेचे नेतृत्व करत चीनच्या समुद्रात राहिले. पुढे ‘व्हॅलियंट’ या युद्धनौकेवर ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते, पण तिथे वरिष्ठांशी सूर जुळले नाहीत. १९३८ मध्ये त्यांना कॅप्टनपदाची बढती नाकारण्यात आली. बेचाळिशीतल्या अधिकाऱ्यासाठी त्याचा अर्थ सरळ होता.

जॉनी हे टोपणनाव अर्थातच त्या प्रसिद्ध व्हिस्कीवरून पडले. आडनाव वॉकर असल्यावर ब्रिटिश नौदलात दुसरे काही मिळणे शक्यच नव्हते.

युद्ध सुरू झाल्यावरही संधी लगेच का मिळाली नाही?

सप्टेंबर १९३९ नंतर पाणबुडीविरोधी तज्ज्ञांची निकड होती. तरी वॉकर यांना जहाज मिळाले नाही. त्यांची नेमणूक डोव्हर येथे व्हाइस अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅम्से यांच्या कार्यालयात झाली. १९४० मध्ये डंकर्कहून सैन्य परत आणण्याच्या मोहिमेत त्यांनी काम केले, त्याची अधिकृत नोंदही झाली. पण समुद्रावर नेतृत्व मिळण्यासाठी त्यांना ऑक्टोबर १९४१ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे थांबावे लागले. तोपर्यंत अटलांटिकमध्ये शेकडो व्यापारी जहाजे बुडाली होती. त्यांवर ब्रिटिशांबरोबर हजारो भारतीय खलाशीही होते. कोकणातले आणि गोव्याचे दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर नोकरी करत आले होते आणि टॉर्पेडो काही कातडीचा रंग पाहून फुटत नव्हता.

वॉकर यांच्याकडे ३६ वा संरक्षक गट सोपवण्यात आला. ‘स्टॉर्क’ आणि ‘डेप्टफर्ड’ हे दोन स्लूप, म्हणजे विनाशिकेपेक्षा लहान व संथ, पण दीर्घ पल्ल्याच्या नौका, आणि सोबतीला काही कॉर्व्हेट. लिव्हरपूल हा तळ. वॉकर यांनी आपल्या कप्तानांना दिलेला आदेश त्या काळाच्या मानाने धाडसी होता. गटाचे मुख्य काम पाणबुड्या बुडवणे हे आहे आणि हल्ला करताना कुणी परवानगीची वाट पाहू नये, असे त्यात बजावले होते.

एचजी-७६ या काफिल्याचे काय झाले?

१४ डिसेंबर १९४१ रोजी ३२ व्यापारी जहाजांचा हा काफिला जिब्राल्टरहून ब्रिटनकडे निघाला. तो येणार हे जर्मनांना आधीच कळले होते. वॉकर यांच्याकडे या वेळी एक नवे साधन होते. ‘ऑडॅसिटी’ ही मूळची जर्मन मालवाहू नौका. ब्रिटिशांनी ती पकडली आणि वर सपाट धावपट्टी बसवून तिची लहानशी विमानवाहू नौका केली. तिच्यावरची मोजकी लढाऊ विमाने जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या टेहळणी विमानांना हुसकावत होती आणि पृष्ठभागावरच्या पाणबुड्याही शोधत होती.

१७ डिसेंबरला यू-१३१ ही पाणबुडी विमानाला दिसली आणि वॉकर यांच्या नौकांनी तिला गाठले. दुसऱ्या दिवशी यू-४३४ गेली. १९ डिसेंबरच्या पहाटे मात्र ‘स्टॅन्ली’ या विनाशिकेवर टॉर्पेडो आदळला आणि तिचा स्फोट झाला. काही मिनिटांतच वॉकर यांच्या ‘स्टॉर्क’ने टॉर्पेडो सोडणाऱ्या यू-५७४ ला वर यायला भाग पाडले. अंधारात दोघींचा गोल गोल पाठलाग सुरू झाला. पाणबुडी इतकी जवळ होती की ‘स्टॉर्क’च्या तोफांची तोंडे तेवढी खाली वळेनात. शेवटी वॉकर यांनी जहाजच तिच्यावर घातले. ‘स्टॉर्क’चा पुढचा भाग चेमटला, पाणबुडी तळाला गेली.

२१ डिसेंबरच्या रात्री काफिल्याच्या संरक्षक कड्याबाहेर असलेली ‘ऑडॅसिटी’ टॉर्पेडोला बळी पडली. त्याच रात्री ‘डेप्टफर्ड’ने यू-५६७ बुडवली. तिचा कप्तान एंगेलबर्ट एन्ड्रास हा जर्मनीच्या नामांकित पाणबुडी अधिकाऱ्यांपैकी एक. या काफिल्याभोवतीच्या लढाईत जर्मनांनी एकूण पाच पाणबुड्या गमावल्या, त्यांतल्या चार वॉकर यांच्या हाताखालच्या नौकांनी टिपल्या. बदल्यात दोन व्यापारी जहाजे, एक विनाशिका आणि ‘ऑडॅसिटी’ गेली. १९४१ मधल्या हिशेबात हा उघड विजय होता. उरलेली ३० जहाजे मुक्कामी पोहोचली.

राखण महत्त्वाची की शिकार?

वॉकर यांच्या कारकिर्दीतला हाच खरा वाद आहे. काफिल्याचा राखणदार पाणबुडीमागे दूर गेला तर मागे खिंडार पडते आणि दुसरी पाणबुडी आत शिरते. तो जवळच थांबला तर हल्लेखोर सुटतो आणि उद्या रात्री पुन्हा येतो. जून १९४२ मध्ये एचजी-८४ या काफिल्याबरोबर वॉकर यांच्याकडे जेमतेम चार नौका होत्या. त्या काफिल्यातली पाच जहाजे बुडाली आणि एकही पाणबुडी हाती लागली नाही. शिकारीसाठी नौका हव्यात, त्या नसतील तर जिद्द पुरत नाही, हे तिथे दिसले.

त्यांची एक युक्तीही अपुरी ठरली होती. काफिल्यातील जहाजावर हल्ला झाला की सगळ्या नौकांनी बाहेरच्या बाजूला वळून प्रकाशगोळे सोडायचे आणि डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपे, टाकायचे, अशी ती योजना. तिचे नाव ‘बटरकप’. हे त्यांच्या पत्नीचे लाडके नाव. पण लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स हा निवृत्त अधिकारी आणि नौदलातील तरुण स्त्रिया जमिनीवर खडूने समुद्र आखून युद्धाचा खेळ मांडत होत्या. पाणबुड्या बाहेरून नव्हे, रात्री पृष्ठभागावरून थेट काफिल्याच्या आत शिरून टॉर्पेडो सोडतात, असे या खेळातून त्यांनी दाखवून दिले. म्हणजे शिकारी बाहेर शोधत होते आणि चोर घरात होता. मग नवी युक्ती आखली गेली. ज्यांनी आयुष्यात कधी काफिला पाहिला नव्हता अशा मुलींकडून अनुभवी कप्तान शिकत होते. अटलांटिकच्या लढाईतील हा भाग जहाजांच्या धडकांइतका गाजला नाही, याचे वाईट वाटते.

संथ गतीचा हल्ला म्हणजे काय?

जून १९४२ मध्ये वॉकर यांना अखेर कॅप्टनपद मिळाले, पण त्यापाठोपाठ लिव्हरपूलमध्ये किनाऱ्यावरची जबाबदारीही आली. समुद्रावर परत जाण्यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे लकडा लावला. १९४३ च्या सुरुवातीला त्यांना दुसरा सहायक गट मिळाला : ‘स्टार्लिंग’, ‘वाइल्ड गूज’, ‘सिग्नेट’, ‘रेन’, ‘वुडपेकर’ आणि ‘काइट’. हा गट कोणत्याही एका काफिल्याला बांधलेला नव्हता. जिथे पाणबुड्या जमल्या असतील तिथे जायचे आणि माग लागला की सोडायचा नाही. राखण आणि शिकार यांच्यातला पेच असा सुटला, कारण आता दोन्हींसाठी वेगवेगळ्या नौका होत्या.

या सहाही नौका ‘ब्लॅक स्वान’ घराण्यातल्या. त्याच घराण्यातले सहा स्लूप तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीतही होते : सतलज, जमना, नर्बदा, गोदावरी, कावेरी आणि किस्तना. फाळणीत नर्बदा आणि गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या.

अ‍ॅस्डिकमध्ये एक मोठी उणीव होती. ध्वनीची लहर पुढे जाते, पाणबुडीवर आपटून परत येते आणि अंतर कळते. पण नौका पाणबुडीच्या अगदी जवळ आली की ती या लहरींच्या खाली जाते आणि प्रतिध्वनी हरवतो. डेप्थ चार्ज तर नौकेच्या मागच्या बाजूने टाकायचे. म्हणजे नेमक्या शेवटच्या क्षणी शिकारी आंधळा. पाणबुडीच्या कप्तानाला वेगाने येणाऱ्या पंख्यांचा आवाज ऐकू येई, तो त्या क्षणी वळण घेई आणि खोल बुडी मारी.

वॉकर यांनी यावर दोन नौकांची जोडी लावली. एक नौका सुमारे हजार मीटर मागे राहून अ‍ॅस्डिकने पाणबुडीवर लक्ष ठेवी. दुसरी आपले अ‍ॅस्डिक बंद ठेवून, पायी चालणाऱ्या माणसाच्या दुप्पट वेगाने, जवळपास आवाज न करता पाणबुडीच्या डोक्यावर सरके. मागची नौका तिला दिशा सांगत राही आणि इशारा मिळताच एकापाठोपाठ दोन डझन पिंपे पाण्यात पडत. खाली बसलेल्यांना मागच्या नौकेचा ठोका दूरवर ऐकू येत असे आणि आपण अजून सुरक्षित आहोत, असे वाटत असे.

त्यांना हवा होता संयम. १ जून १९४३ रोजी यू-२०२ चा माग लागला. वर्षभरापूर्वी अमेरिकेच्या किनाऱ्यावर घातपात्यांना उतरवणारी पाणबुडी हीच. डेप्थ चार्ज पोहोचणार नाहीत इतकी खोल ती गेली. वॉकर यांनी हिशेब केला, की आतली हवा आणि बॅटरी किती तास पुरेल. मग त्यांचा गट नुसता वर थांबून राहिला. सुमारे १५ तासांनी, मध्यरात्रीच्या आसपास पाणबुडी वर आली, ती तोफांच्या तोंडासमोरच.

सर्वांत मोठे यश कोणते?

३० जुलै १९४३ रोजी बिस्केच्या उपसागरात विमाने आणि वॉकर यांच्या गटाने मिळून एकाच दिवसात तीन पाणबुड्या बुडवल्या. त्यांतल्या दोन इतर पाणबुड्यांना समुद्रातच इंधन पुरवणाऱ्या होत्या, त्यामुळे नुकसान तिघींपुरते राहिले नाही. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती १९४४ ची फेरी. ३१ जानेवारी ते १९ फेब्रुवारी या वीस दिवसांत गटाने सहा पाणबुड्या टिपल्या. शेवटी ‘वुडपेकर’ला टॉर्पेडो लागला, ओढून आणताना ती बुडाली, मात्र तिच्यावरचे सगळे वाचले. लिव्हरपूलच्या ग्लॅडस्टन गोदीवर स्वागताला नौदलाचे मंत्री आले होते, बँड होता, गर्दी होती. गोदीत शिरताना ‘स्टार्लिंग’च्या ध्वनिक्षेपकावर शिकारीला निघाल्याचे एक जुने इंग्रजी गाणे वाजत असे. शहराला ते ओळखीचे झाले होते.

या गाण्याच्या काळातच, ऑगस्ट १९४३ मध्ये, वॉकर यांचा मुलगा टिमथी भूमध्य समुद्रात ‘पार्थियन’ या ब्रिटिश पाणबुडीसह बेपत्ता झाला. पाणबुड्यांच्या शिकाऱ्याचा मुलगा पाणबुडीवर होता. वॉकर पुढच्या फेरीवर गेले.

अटलांटिकची लढाई त्यांनी जिंकली का?

एकट्याने अर्थातच नाही. मे १९४३ मध्ये जर्मनीने एका महिन्यात ४० हून अधिक पाणबुड्या गमावल्या आणि डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून बहुतेक पाणबुड्या मागे घेतल्या. तेव्हा वॉकर यांचा नवा गट नुकताच कामाला लागला होता. पारडे फिरवले ते लांब पल्ल्याच्या विमानांनी, रडारने, फोडलेल्या जर्मन सांकेतिक संदेशांनी, डर्बी हाउसच्या खडूने आणि अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन यांच्या नियोजनाने. वॉकर यांनी केले ते असे, की मागे हटलेला शत्रू पुन्हा सावरणार नाही याची तजवीज केली. त्यांच्या नेतृत्वाखालील नौकांच्या खात्यावर साधारण २० पाणबुड्या धरल्या जातात. एवढा आकडा दुसऱ्या कुठल्याही दोस्त कप्तानाच्या नावावर नाही.

अखेर कशी झाली?

जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हा इंग्लिश खाडीच्या पश्चिम तोंडाशी पाणबुड्यांना अडवणाऱ्या नौकांमध्ये वॉकर यांचा गट होता. ते सलग दिवस-रात्र कठड्यावर उभे असत. मोहीम यशस्वी झाली, नौका परतल्या. ७ जुलैला ते कोसळले आणि ९ जुलैला मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन सीफर्थच्या नौदल रुग्णालयात वारले. वय ४८. वैद्यकीय कारण ते असले, तरी अतिश्रमाने ते गेले, असे त्यांच्या सोबत्यांनी धरले आणि त्यावर फारसा वाद कुणी घातला नाही.

लिव्हरपूल कॅथेड्रलमध्ये सुमारे हजार माणसे अंत्यसंस्काराला जमली. पार्थिव ‘हेस्परस’ या विनाशिकेवरून लिव्हरपूलच्या उपसागरात नेऊन समुद्राला अर्पण करण्यात आले. त्या दिवशी ‘स्टार्लिंग’ तिथे नव्हती. ती समुद्रावर, कामावर गेली होती.