हेलन केलर आणि नवजात बाळांचे डोळे

हेलन केलर हे नाव घेतले की पाण्याच्या पंपाखाली हात धरून उभी असलेली ती अंध, बहिरी मुलगी आपल्या डोळ्यांपुढे येते. शाळेच्या पुस्तकांनी ती गोष्ट घरोघर पोचविली आहे. परंतु मोठेपणी ह्या बाईंनी केलेले एक काम आपल्यापैकी फार थोड्या भगिनींना ठाऊक असते, आणि ते तर आयांच्याच जिव्हाळ्याचे आहे.

२७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या गावी त्यांचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांच्या असता एका तापात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८८७ च्या मार्चमध्ये त्यांना शिकवावयास ॲन सुलिव्हन आल्या. त्या स्वतः लहानपणी खुपऱ्यांमुळे जवळजवळ अंध झालेल्या. शस्त्रक्रियांनी वाचण्यापुरती नजर परत आली होती. ते अधू डोळे शिणवून ॲनबाईंनी पुस्तकेच्या पुस्तके हेलनच्या तळहातावर अक्षरे काढून वाचून दाखविली, आणि १९०४ साली हेलन पदवीधर झाल्या.

१९०६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधांसाठी नेमलेल्या मंडळावर त्यांची नेमणूक झाली. अंधशाळांतील कितीतरी मुले जन्मतः अंध नव्हतीच, ती जन्मानंतर थोड्याच दिवसांत अंध झाली होती, हे सत्य त्यांना अस्वस्थ करू लागले. बाप बाहेरून परमा घेऊन येतो, तो बायकोला देतो, तिला पुष्कळदा कळतही नाही. आणि प्रसूतीच्या वेळी तेच जंतू बाळाच्या डोळ्यांत शिरतात. दोन-तीन दिवसांत पापण्या सुजतात, पू वाहू लागतो आणि उपचार न झाल्यास बुबुळ नासते.

यावर उपाय निघालेला होता. जर्मनीत लाइपझिग येथील प्रसूतिगृहात डॉक्टर क्रेडे यांनी १८८० साली, म्हणजे हेलनच्या जन्मवर्षीच, नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा दोन टक्क्यांचा द्राव घालण्यास आरंभ केला. तेथे पूर्वी शंभरांत दहाच्या आसपास मुलांचे डोळे येत. ते प्रमाण एकाच्याही खाली आले. एका थेंबाचे काम! मग पंचवीस वर्षांनंतरही मुले अंध का होत होती? कारण हा विषय सभ्य घरात काढायचा नसे. डॉक्टरांना ठाऊक, सुईणीला ठाऊक नाही, आणि आईला सांगायचे कोणी? वर्तमानपत्रेही तो टाळीत. चूक एकाची, आंधळेपण दुसऱ्याचे, आणि लाज मात्र सर्वांनी राखायची, असा तो प्रकार होता.

हेलनबाईंनी ती लाज बाजूस सारली. १९०७ साली, घरोघरच्या बायका वाचीत अशा ‘लेडीज होम जर्नल’ मासिकात, त्यांनी ह्या रोगाविषयी उघड लिहिले. अविवाहित तरुण बाईने असे लिहिणे त्या काळी केवढे धाडसाचे, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको. त्या एकट्या नव्हत्या. डॉक्टर आणि समाजसेवकही झटत होते. पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत बाळाच्या डोळ्यांत औषध घालण्याचे कायदे झाले. आता तेथे सिल्व्हर नायट्रेटऐवजी प्रतिजैविकाचे मलम लावतात.

१९२५ साली ओहायो राज्यात भरलेल्या लायन्स क्लबांच्या अधिवेशनात त्यांनी अंधत्वाविरुद्ध साहाय्य मागितले, आणि नेत्रसेवा हे त्या क्लबांचे मोठे कार्य होऊन बसले. १९५५ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या भारतातही येऊन गेल्या. दिल्लीत पंतप्रधान नेहरूंना भेटल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

१९१५ साली युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी त्यांच्या साहाय्याने निघालेली संस्था आज त्यांच्याच नावाने चालते. गरीब देशांतील मुलांना ती अ जीवनसत्त्व पुरविते, आणि ॲनबाईंची दृष्टी नेणाऱ्या खुपऱ्यांविरुद्धही काम करते. आपल्या देशात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले.