स्वयंपाकघरात बनलेला फुगा: आंद्रेआस ग्रुन्टझिग यांची गोष्ट

अँजिओप्लास्टी हा शब्द तुम्ही घरात कधी ना कधी ऐकला असेलच. त्यासाठी लागणारा फुगा ज्यांनी चक्क स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवला, त्या डॉक्टरांबद्दल आज मी सांगणार आहे.

आंद्रेआस ग्रुन्टझिग यांचा जन्म १९३९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. पुढे ते स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्येच नळी घालून पायाची तुंबलेली धमनी मोकळी केली होती. पण त्या नळ्या जाड होत्या. ग्रुन्टझिग यांना बारीक नळी आत नेऊन नेमक्या जागी फुगवायची होती.

घोळ फुग्याचाच होता. साधा रबरी फुगा अडथळ्यापाशी दबतो आणि दोन्ही बाजूंना फुगतो. म्हणून त्यांनी पीव्हीसी निवडलं. ते ठरलेल्या मापापुढे जात नाही. पत्नी आणि सहाय्यक मारिया श्लुम्फ यांच्या मदतीने घरीच फुगे तयार झाले. १९७४ मध्ये पायाची धमनी उघडली, तर १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाची, तीही रुग्ण जागा असताना.

मला मात्र त्यांचं कमी चर्चेतलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आतड्याची अरुंद झालेली धमनी फुग्याने उघडल्याची नोंद प्रसिद्ध केली. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं. ते मिळालं नाही की पोट दुखतं, माणूस जेवायलाच घाबरतो आणि वजन उतरतं. आज सीटी अँजिओग्राफीत हा अडथळा दिसतो. फुग्यासोबत बहुतेक वेळा स्टेंटही बसवतात.

अचानक गुठळी अडकली तर गोष्ट वेगळी. तेव्हा काही तासांतच आतडं मरू लागतं. गुठळी ताबडतोब काढावी लागते, कधी मेलेला भाग कापावा लागतो.

१९८० मध्येच ग्रुन्टझिग अमेरिकेत अटलांटाला गेले. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी ते स्वतः चालवत असलेलं विमान कोसळलं. वय होतं फक्त ४६.

तर मित्रांनो, घरातले आजी-आजोबा जेवल्यावर दर वेळी पोट दुखतं म्हणून कमी खात असतील, बारीक होत असतील, तर नुसती ॲसिडिटीची गोळी देऊन थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि पोटात अचानक असह्य कळा आल्या तर गुगल करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा!