सर रिचर्ड टेंपल व आपल्या प्रांतातील राखीव राने

भंडाऱ्याहून कोक्याच्या रानाकडे जाऊ लागले म्हणजे धानाच्या बांध्या हळूहळू विरळ होतात, वस्ती मागे पडते, आणि मग एके ठिकाणी वाटेच्या कडेला दगडांचा एक लहानसा मुनारा दिसतो. त्याच्या अलीकडे गावचे शेत आणि पलीकडे सरकारी रान. गुराख्यांची पोरे अशा मुनाऱ्यांवर बसून शीळ घालतात. आम्हीही लहानपणी बसलो आहो. तो तेथे कोणी व कशासाठी उभारला, हा प्रश्न मात्र त्या वयात आमच्या मनात कधी आला नाही. नदी जशी आपोआप वाहते तसे रानही आपोआप असावयाचेच, अशी आमची समजूत होती. पुढे वाचनाची गोडी लागल्यावर कळले की, रानाची हद्द आखून ते राखण्याची ही रीत आपल्या प्रांतात 1860 च्या सुमारास सुरू झाली, आणि तिला नेट आला तो सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या कारकीर्दीत. ह्या गृहस्थांचे नाव दक्षिणेतील दुष्काळाच्या इतिहासात फार कडवटपणे घेतले जाते. रान राखणारा आणि भुकेल्यांच्या भाकरीचे माप काढणारा पुरुष एकच होता, हे ध्यानात आल्यावर त्यांचे चरित्र आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

टेंपल ह्यांचा जन्म 8 मार्च 1826 रोजी इंग्लंडातील वूस्टरशायर परगण्यात एका जमीनदार घराण्यात झाला. रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत आणि नंतर कंपनी सरकारच्या हेलीबरी येथील विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच वर्षांत पंजाबात जॉन लॉरेन्स ह्यांच्या हाताखाली चिटणिसाचे काम त्यांच्याकडे आले. लॉरेन्स हे कामाच्या बाबतीत अत्यंत कडक. त्यांच्या तालमीत टेंपल ह्यांस दोन सवयी जडल्या त्या जन्मभर टिकल्या. एक, घोड्यावर बसून मुलूख स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची. आणि दुसरी, पाहिलेले सर्व काही लगोलग लिहून काढण्याची. त्यांस चित्रकलेचाही नाद होता. स्वारीत असताना ते डोंगर, किल्ले व सरोवरे ह्यांची जलरंगात चित्रे काढीत.

1853 च्या अखेरीस तिसरे रघोजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. 1861 साली ते सागर-नर्मदा प्रदेशास जोडून मध्यप्रांत बनविण्यात आला, आणि पुढल्याच वर्षी टेंपल तेथे चीफ कमिशनर म्हणून आले. तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस. त्या काळचा भंडारा जिल्हा आजच्याहून पुष्कळ मोठा होता. 1999 साली वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तर त्यात होताच, शिवाय लांजीकडचा मुलूखही होता. तो 1867 साली बालाघाट जिल्हा नवा करताना तिकडे गेला.

नव्या प्रांतात सडका नव्हत्या, लोहमार्ग नव्हता, आणि अर्ध्याअधिक मुलखाची धड मोजणीही नव्हती. टेंपल ह्यांनी हा प्रांत घोड्यावरून व हत्तीवरून पालथा घातला. त्या प्रवासांत त्यांस दिसलेली एक गोष्ट आपल्या विषयाशी निगडित आहे. राने अफाट होती, पण मोलाचे झाड झपाट्याने नाहीसे होत होते. आगगाडीचे रूळ मुंबईकडून नागपूरच्या दिशेने येत होते आणि रुळांखाली घालावयास सागाच्या व सालाच्या स्लीपरांची मागणी बेसुमार वाढली होती. ठेकेदार उत्तम झाडे तोडीत, त्यांतील सरळ भाग तेवढा नेत, आणि बाकीचे लाकूड जागीच कुजत पडे. उन्हाळ्यात वणवे लागत, त्यांत रोपे जळून जात. डोंगरांतील गोंड व बैगा लोक झाडे तोडून, ती जाळून, राखेत कोदो-कुटकी पेरीत. दोनतीन वर्षांनी जागा बदलीत. ह्या पद्धतीस बेवर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बेवरीने जितके रान उतरले नव्हते तितके चार-पाच वर्षांत ठेकेदारांच्या कुऱ्हाडीने उतरले, असे आमचे मत आहे. परंतु त्या वेळच्या अंमलदारांनी दोहोंस एकाच पंक्तीस बसविले.

जंगलखात्याची स्थापना टेंपल येण्यापूर्वीच, 1860 च्या सुमारास, झाली होती, आणि कॅप्टन पिअर्सन हे त्याचे पहिले मुख्य होते. कॅप्टन फॉर्सिथ हे त्यांचे साहाय्यक. सातपुड्याच्या रानांवरील त्यांचे पुस्तक 1871 साली प्रसिद्ध झाले व ते अद्यापि वाचले जाते. ह्या दोघांच्या पाठीशी टेंपल भक्कम उभे राहिले. साग, साल, बिजा अशी झाडे परवानगीवाचून तोडू नयेत असा निर्बंध झाला. 1865 साली हिंदुस्थानचा पहिला जंगल कायदा झाला, आणि त्याच वर्षी पचमढीच्या पायथ्याजवळील बोरीचे रान राखीव ठरले. देशातील अगदी पहिल्या राखीव रानांत त्याची गणना होते.

ह्याच बोरीच्या रानात पिअर्सन ह्यांनी वणवा थोपविण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. प्रयोग साधा होता. हिवाळा सरता सरता रानाच्या हद्दीवरून गवताचा एक रुंद पट्टा कापावयाचा आणि ते गवत देखरेखीखाली जाळून टाकावयाचे. मग उन्हाळ्यात बाहेरून ज्वाळा धावत आल्या तरी त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबतात, कारण पुढे खावयास काही उरलेलेच नसते. अशा वणव्याने रान जळणे ही दैवगती आहे, त्यास इलाज नाही, असे तोपर्यंत पुष्कळ गोरे अंमलदारही मानीत. बोरीच्या प्रयोगानंतर तसे म्हणण्याची सोय राहिली नाही. आजही जंगलखात्याचे लोक माघ-फाल्गुनात जाळरेषा काढताना दिसतात.

टेंपल ह्यांची बुद्धी खजिनदाराची होती. पुढे ते हिंदुस्थान सरकारचे जमाखर्चमंत्री झाले तेही ह्याच गुणामुळे. रानाकडे ते सावकार ठेवीकडे पाहतो तसे पाहत: व्याज खावे, मुद्दलास हात लावू नये. दरसाल जितके लाकूड वाढते तितकेच तोडले तर रान कधी संपत नाही, हे त्यातील गणित. नवे जग उभारण्यापेक्षा हाती आलेले जतन करून पुढल्या पिढीच्या हवाली करावे, हा जो इंग्लंडातील हुजूर पक्षाचा बाणा, तो टेंपल ह्यांच्या अंगी त्या पक्षात शिरण्याच्या कितीतरी आधी मुरलेला होता.

ह्याच सुमारास जमिनीची तीस सालांची जमाबंदी झाली, आणि भोसल्यांच्या वेळी केवळ वसुली करणारे जे पाटील होते ते मालगुजार, म्हणजे गावचे मालक, ठरले. गावाच्या गरजेपुरते रान त्यांच्या वाट्यास देऊन उरलेले सरकारने स्वतःकडे ठेवले. गावाबरोबर तलावही मालगुजाराकडे राहिले. आपला जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. ते तलाव बहुतेक कोहळी लोकांनी गोंड व मराठे राजांच्या अमलात बांधलेले आहेत. डोंगराच्या दोन सोंडा पाहून मध्ये मातीची पाळ घालावयाची, पाणी सोडण्यास तुडूम ठेवावयाचे, जास्तीच्या पाण्यास सांडवा काढावयाचा, आणि पाटाने कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जावे हे पाणकराने पाहावयाचे, ही सर्व विद्या त्यांची स्वतःची. तिला ना कायदा लागला, ना चौकीदार. परंतु तलावाच्या डोक्यावर रान असेल तरच पावसाचे पाणी मुरत मुरत खाली येते. रान बोडके झाले की पहिल्याच सरीबरोबर माती वाहून येऊन तलाव भरू लागतो. वरचे रान सरकारी आणि खालचा तलाव मालगुजारी, अशी वाटणी जेथे झाली तेथे जोडीतील दोन बैल दोन मालकांकडे गेल्यासारखे झाले. मालगुजारीतील राने तर पुढे बरीचशी विकली व तोडली गेली. 1951 साली मालगुजारी नष्ट झाल्यावर तलाव सरकारजमा झाले. त्यानंतर कित्येक तलावांतील गाळ वर्षानुवर्षे निघाला नाही, हे आपल्या वाचकांपैकी शेतकरी असलेल्या पालकांस आम्ही काय सांगावे!

रानात राहणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट झाली. काल जे रान बडा देवाचे व आपले होते, त्यात आज गुरे चारावयास परवाना हवा, जळणाच्या मोळीस पैसा हवा, आणि बेवर केली तर शिक्षा. बेवर म्हणजे नुसता नाश, असे समजणाऱ्यांनी बैगांच्या हाती नांगर दिला. पण नांगराने धरणीमातेचे अंग फाडणे हे बैगांस पाप वाटे. अखेर 1890 साली मंडला जिल्ह्यात बेवरीसाठी एक निराळा चक त्यांस तोडून द्यावा लागला. टेंपल ह्यांस ह्या लोकांविषयी आस्था नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्यांनी अठरा वर्षे गोंडांची भाषा, गाणी व चालीरीती ह्यांची टिपणे जमविली होती. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची पुरातन शिळावर्तुळे पाहून टेंपल ह्यांच्या तळाकडे परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात सापडून बुडाले. टेंपल ह्यांनी मित्राची ती टिपणे एकत्र करून 1866 साली छापविली, म्हणूनच ती आज वाचावयास मिळतात. नागपूरचा अजब बंगलाही 1863 चा, त्यांच्याच कारकीर्दीतला. आमच्या सहलीची मुले तेथे वाघापुढे गर्दी करतात. गोंडांची गाणी छापून ठेवणाऱ्या ह्या अंमलदारास, रानाच्या हद्दी आखताना त्या गाणाऱ्यांस विचारावे, असे मात्र सुचले नाही.

1867 साली टेंपल नागपूर सोडून हैदराबादेस रेसिडेंट म्हणून गेले. पुढे बिहारात 1873-74 साली दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून अतोनात तांदूळ आणविला आणि माणसे मरू दिली नाहीत. ह्याबद्दल शाबासकी मिळावी ती दूरच, खर्च फार केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ती त्यांस लागली असावी. कारण 1877 साली दक्षिणेतील घोर दुष्काळात लॉर्ड लिटन ह्यांनी त्यांस पाठविले तेव्हा काटकसरीच्या पायी त्यांनी खडी फोडणाऱ्या मजुराचे धान्य दिवसास एक पौंडावर, म्हणजे सुमारे अर्ध्या शेरावर, आणून ठेवले. वर थोडी रोकड. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी एवढ्यावर कष्टकरी मनुष्य जगणार नाही असे निक्षून सांगितले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामावर जाण्याचे सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. रानाच्या बाबतीत जी खजिनदारी शहाणपणाची ठरली, तीच भुकेच्या बाबतीत क्रूर ठरली.

त्याच साली ते मुंबईचे गव्हर्नर झाले. 1878 चा अधिक कडक जंगल कायदा त्यांच्या अमदानीतच मुंबई इलाख्यास लागू झाला. ठाणे-कुलाब्याकडील रयतेस शेत भाजण्यासाठी राब मिळेना, तेव्हा तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 साली त्यांची चौकशी करण्यास कमिशन नेमावे लागले. टेंपल तोवर विलायतेस परतले होते. 1880 साली मुदत पुरी होण्याआधीच गव्हर्नरी सोडून ते हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले व पडले. 1885 साली निवडून आले आणि दहा वर्षे सभासद होते. लंडनच्या शालामंडळाचे ते काही काळ उपाध्यक्षही होते. हिंदुस्थानातील आठवणींची पुस्तके त्यांनी लिहिली, त्यांत ह्या प्रांताविषयीचा त्यांचा जिव्हाळा दिसून येतो.

उतारवयात ते लंडनजवळ हॅम्पस्टेड येथे राहत असता, 1899-1900 साली मध्यप्रांतावर छप्पन्नचा दुष्काळ कोसळला. धान गेले, तलाव आटले. तेव्हा सरकारने काही काळ राखीव रानांचे निर्बंध सैल केले आणि मोहफुले, तेंदू, चार, कंदमुळे लोकांस फुकट नेऊ दिली. ज्या हद्दींपाशी तीस-चाळीस वर्षे चौकीदाराने टोपली अडविली होती, त्या ओलांडून बायकामुले टोपल्या घेऊन आत गेली. वाळलेला मोह उकडून त्यांनी दिवस काढले. ती झाडे उभी होती म्हणून हे घडले, आणि त्या वर्षी कोणी अडविले नाही म्हणूनही घडले. 15 मार्च 1902 रोजी टेंपल वारले. त्या सुमारास इकडे आपल्या रानात मोहाच्या डिऱ्या फुगत होत्या.